विहिरीजवळ घेतलेलं नाव

धुळ्याहून निघाल्यापासूनच भाईदासचं डोकं तापलेलं होतं. कुत्र्याला एस.टी.त घेण्यावरून कंडक्टरशी वाजलं होतं, आणि आता सोनगीरच्या किल्ल्यावर पोचताच तोच कुत्रा, चांद्या, कुठेतरी पसार झाला होता.

पायथ्याशी बोरं विकणाऱ्या म्हाताऱ्या भागाबाईने दोघा नवराबायकोंना बजावलं होतं, "भाऊ, वर हीर शे. तठे कोनंच नाव लेऊ नका."

भाईदासने नेमकी त्या खोल विहिरीच्या काठावरून आरोळी ठोकली, "चांद्या!"

चांद्या झुडपातून धावत आला. शेपटी हलवत पायाशी उभा राहिला आणि भुंकायला त्याने तोंड उघडलं. भुंकणं मात्र विहिरीतून ऐकू आलं.

त्याने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा खालूनच.

बायको कडाडली, "म्हातारीनं सांगितलं होतं ना? मुक्या जनावराचा आवाज घालवला तुम्ही!"

"गप बस!"

"नाही बसणार! आधी त्याचा आवाज परत आणा!"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण घरच्या रीतीप्रमाणे भाईदासने बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवरच संसार चालला होता. आज मात्र रागाच्या भरात जीभ सुटली.

"कमल!"

ती थबकली. मग डोळे वटारून बोलू लागली. तिचे ओठ भराभर हलत होते.

भाईदास हळूहळू विहिरीकडे वळला. खोल खालून तिचा संतापलेला आवाज आला,

"घेतलंत ना शेवटी माझं नाव?"