दुसरी शिट्टी

कुकरच्या पहिल्या शिट्टीला रक्षितनं दचकून आजीकडे पाहिलं. दुसऱ्या शिट्टीला पाहिलंच नाही.

"परत गेलं गं, सुष्मा," अंबुबाई ओट्याजवळून म्हणाल्या.

सुष्मानं मांडीवरचा लॅपटॉप बाजूला ठेवला. मुलाच्या कानामागचं यंत्र काढलं, बंद केलं, पुन्हा चालू करून लावलं. पाच वर्षांचा रक्षित तोवर रडायला लागला होता. मोठा आवाज लागोपाठ दोनदा झाला की यंत्र मुकं व्हायचं आणि आपणहून परत बोलायचं नाही. परवा जयलक्ष्मीपुरमच्या कोपऱ्यावर बसनं असाच दोनदा हॉर्न दिला. आईचा हात सोडून रक्षित तसाच रस्त्यात चालत राहिला. मागून तिनं मारलेल्या हाका बसच्या ड्रायव्हरला ऐकू गेल्या, रक्षितला नाही. बसच्या धक्क्यानं कपाळावर पडलेले टाके अजून ओले होते.

"सुम्ने बस रे बाळा," अंबुबाईंनी नातवाला जवळ घेतलं. सुम्ने म्हणजे उगी, गप्प. अर्धं कानडी, अर्धं मराठी. ह्याच वाक्यावर त्यांनी सुष्माला वाढवलं होतं. शेजारची अदिती पुण्याची. तिला ते ऐकून दर वेळी हसू यायचं. "काकू, असलं मराठी मी जगात दुसरीकडे कुठं ऐकलं नाही हो!"

यंत्र परदेशी कंपनीचं होतं. दोष होता त्याच्या आत बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये, फर्मवेअरमध्ये. मॉडेल जुनं झालं, आता दुरुस्ती नाही, असं कंपनीनं कळवलं होतं. नवं यंत्र डोक्यात बसवलेल्या जुन्या भागाशी जुळत नव्हतं; ते बसवायचं तर एवढ्याशा डोक्याचं पुन्हा ऑपरेशन.

सुष्माचा नवरा गगन बँकेत होता. त्याला ह्यातलं काही कळत नव्हतं. पण रक्षितला यंत्र बसवणाऱ्या, आता बंद पडलेल्या क्लिनिकच्या कॉम्प्युटरवरून त्यानं ती फर्मवेअरची फाइल मिळवली आणि साकेतला दिली. साकेत आणि सुष्मा एकाच गटातले. हा गट लिनक्स ह्या कॉम्प्युटर-प्रणालीची एक मुक्त आवृत्ती चालवायचा. कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, हवी तशी बदलावी. साकेतनं फाइल त्या आवृत्तीत घातली. जगात कुणाच्या तरी नजरेला दोष सापडेल, रक्षितचा कान वाचेल.

कुणी हात लावायच्या आतच कंपनीची नोटीस आली. फाइल आमची आहे. ती वाटायला, बदलायला, नुसती उघडून पाहायलाही मनाई आहे. काढा, नाहीतर कोर्टात भेटू.

गटात लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, तपासायचं काम सुष्माचं होतं. काढायची की ठेवायची, ते तिनं सांगायचं.

साकेतचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"माझी वायफायची फाइल गेल्या वर्षी तूच काढलीस," तो म्हणाला. "सरगूरच्या शाळेतले सगळे लॅपटॉप नेटवाचून पडले. मी किती विनवण्या केल्या. तू काय म्हणालीस? परवानगी नाही म्हणजे नाही. आता बोला की, मॅडम!"

गगन दारात उभा राहून ऐकत होता. "काढू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या नियमाला टाके पडत नाहीत, सुष्मा."

कॉलेजात असताना सुष्मानंही एक लहानसा प्रोग्रॅम लिहून जगाला देऊन टाकला होता, आवाजातला गोंगाट आवरणारा, नको तो आवाज बंद करणारा. अट एकच घातली होती. त्यावरून काही बनवलंत, तर तेही असंच सगळ्यांना उघडं ठेवा. अट पाळली जाते की नाही हे बघायला ती कुणाकुणाच्या घरी जाणार होती? लोक पाळतात, एवढ्या विश्वासावरच तर हा सगळा डोलारा उभा होता.

"दुसऱ्यानं घातलेली अट आपण मोडली, तर आपण घातलेली कोण पाळेल?" ती म्हणाली, आणि तिनं फाइल काढून टाकली.

साकेतनं फोन ठेवला. गगन चप्पल अडकवून निघून गेला. दार त्यानं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

कंपनीचं उत्तर लगेच आलं. सहकार्याबद्दल आभार. उरलेल्या प्रतीही नष्ट कराव्यात.

एक प्रत घरच्या लॅपटॉपवर होती. मनाई आहे म्हणून सुष्मानं ती एकदाही उघडली नव्हती. तिनं फाइल निवडली. नक्की नष्ट करायची का, लॅपटॉपनं विचारलं.

आत डाळीचा कुकर चढला होता. पहिली शिट्टी झाली. तिनं वळून पाहिलं. रक्षित कानामागचं यंत्र दोन्ही हातांनी गच्च दाबून बसला होता, कुणी ते ओढून नेणार असल्यासारखा. दुसरी शिट्टी झाली. त्याचे हात हळूहळू खाली आले.

सुष्मानं 'नाही'वर बोट ठेवलं आणि फाइल उघडली. एकदाच बघायचं, मग काढूनच टाकायचं.

पडद्यावर यंत्राची अगम्य अक्षरं पसरली. पानंच्या पानं. ती खाली खाली जात राहिली. आणि त्या सगळ्या कचऱ्यात मध्येच, इंग्रजी अक्षरांत, माणसानं लिहिलेली एक ओळ होती. तिनं ती वाचली. ओठ हलवून पुन्हा वाचली.

सुम्ने बस रे बाळा.

एकच अट घालून जगाला दिलेल्या आपल्या त्या प्रोग्रॅमनं आवाज बंद केला की पडद्यावर हे उमटावं, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये तिनंच ते गमतीनं लिहून ठेवलं होतं.