पान सात, खालचा कोपरा

"सापडलं!" अध्यक्ष दारातूनच ओरडले. त्यांच्या हातात संघटनेचं दोन महिन्यांपूर्वीचं मासिक पत्रक होतं. ते त्यांनी तिच्या टेबलावर पसरलं. "पान सात, खालचा कोपरा. वाच."

तिला वाचायची गरज नव्हती. इमारत अभियंत्यांच्या शहर शाखेचं पत्रक गेली नऊ वर्षं तीच काढत होती. सभासदांची नोंदवही, सभेच्या नोटिसा, शोकसंदेश, सगळं तिच्याच टेबलावरून जायचं. कोपऱ्यातल्या त्या चार ओळीही.

'वाचनालयाच्या अभ्यासिकेचे छत जुने झाले असून, त्याच्या देखभालीबाबत संबंधितांनी योग्य वेळी विचार करावा, असे आमचे एक ज्येष्ठ सभासद सुचवितात.'

काल दुपारी ते छत पडलं होतं. खाली परीक्षेला बसणारी मुलं वाचत होती. नऊ गेली.

"कालपासून जो तो विचारतोय, संघटना काय झोपली होती का म्हणून," अध्यक्ष म्हणाले. "घ्या आता! आपण आधीच सांगितलं होतं. छापून सांगितलं होतं. या पानाचा फोटो सगळ्या सभासदांना टाक, वर्तमानपत्रांना टाक. वर दोन ओळी दुःखाच्या लिही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शाखेची अब्रू राखलीस बघ तू."

तिने दुःखाच्या दोन ओळी लिहिल्या. अशा ओळी तिला चटकन सुचत. फोटो चारशे बारा सभासदांना गेला आणि लगेच तिचा फोन थरथरू लागला. जोडलेले हात आले. फुलं आली. कुणीतरी लिहिलं, 'आपल्या शाखेचा अभिमान वाटतो.'

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. तडेकाका आले होते. जातील तिथल्या भिंतीला बोट लावून 'इथे तडा आहे' म्हणायचे, म्हणून सभासदांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. कोपऱ्यातल्या त्या ओळी ज्या पत्रावरून आल्या, ते त्यांनीच दिलेलं.

"अगं, चौकशीवाले सकाळी घरी आले होते," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "विचारत होते, तुम्ही कुणाला कळवलं होतं का. म्हटलं, लेखी दिलं होतं. पण नेमकं काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना. हल्ली असंच होतं माझं. तुझ्याकडे छापलेलं असेल ना?"

तिने पत्रक पुढे केलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी नेला. बोट ओळीखालून फिरलं. संपलं. परत पहिल्या शब्दावर आलं.

"एवढंच?"

काकांनी पान उलटून मागची बाजू पाहिली आणि परत त्याच कोपऱ्यावर आले.

"योग्य वेळी विचार करावा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मी ती तुळई नखाने खरवडली होती. हातात भुसा आला. आणि घरी येऊन मी हे लिहिलं? योग्य वेळी?"

"काका, तुम्ही तुमचं काम केलंत," अध्यक्ष म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

"भीड पडली असणार मला," तडेकाका म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "डागडुजी आपल्यातल्याच माणसाने केलेली. माणूस म्हातारपणी भिडस्त होतो. पण इतका?"

काठी टेकून ते उठले आणि नमस्कार न करताच बाहेर पडले.

ते पत्रक छापायला जाण्याआधी तिने त्यांना फोन केला होता. 'काका, एवढं कडक नको. आपल्याच सभासदाचं काम आहे ते. मी जरा सौम्य करून घेते.' ते म्हणाले होते, 'तुला ठीक वाटेल तसं कर, पोरी.' हा फोनही ते विसरले होते.

जिन्यावरची काठी ती ऐकत राहिली. एक पायरी. दुसरी. पाचव्या पायरीला ती उठली आणि तिने कपाट उघडलं.

"काय शोधतेस?" अध्यक्षांनी विचारलं. तिने फाइलीतून दोन पानं काढली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "हे बघ, ते कार्यालयाचे कागद आहेत. बाहेरच्यांना द्यायचे नाहीत."

"ते कुठे बाहेरचे आहेत?" ती म्हणाली. "सभासद क्रमांक अकरा."

तडेकाका जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी दम खात उभे होते. तिने कागद त्यांच्या हातात दिले. अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्या पानाच्या शेवटी एका ओळीखाली शाईच्या दोन रेघा मारलेल्या होत्या. ती ओळ त्यांनी पुटपुटत वाचली. "छत कधीही खाली येईल. उद्याची वाट पाहू नये. खोली आजच रिकामी करावी."

त्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हे मी लिहिलं होतं."

"हो काका."

"मग ते? कोपऱ्यातलं?"

"ते मी केलं. फोनवर तुम्हाला विचारलं होतं, पण काय केलं ते वाचून दाखवलं नाही."

वर अध्यक्ष फोनवर कुणाशी तरी बोलत होते. खुशीत होते.

"तू दोन्ही पानं वाचली होतीस?" काकांनी विचारलं.

"हो."

"पुरती? हे शेवटचंसुद्धा?"

"हो."

काकांनी कागदांची घडी घातली. ती खिशात जाईना. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी घडी मुठीत धरूनच ते कठड्याच्या आधाराने एक पायरी उतरले.

"मला वाटत होतं," ते पाठमोरेच म्हणाले, "कुणी वाचलंच नाही."