पहिला घास शेजाऱ्याचा

गल्लीचा पहिला नंबर आला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. निकाल अजून लागायचाय, आत्या पुसलेलाच बाक पुन्हा पुसतेय आणि पुतणी तिच्या कानाशी सकाळपासून एकच टुमणं लावून बसलीय.

"आत्या, आज एक दिवस तरी स्वतःच्या डाळीबद्दल चार शब्द बरे बोल."

"आणि मग भांडी कोण घासणार? तू?"

गल्लीचा नियम होता तसा. जगाच्या चार कोपऱ्यांतून आलेली माणसं इथे शेजारी शेजारी चुली मांडून बसली, तेव्हा कोणाच्या हाताला जास्त चव, यावरून लवकरच झारे उगारले गेले होते. आत्याने मध्ये पडून ठरवून टाकलं: आपल्या तोंडाने आपल्या हातची तारीफ करायची नाही. करेल त्याने गल्लीभरची भांडी घासायची. नवा माणूस आला की त्याला शेजाऱ्याचं कौतुक ऐकवायचं. नेहमीची गिऱ्हाइकं काही ऐकायला थांबायची नाहीत. यायची, बाक ओढायची, ताट पुढे करायची आणि थोडक्या पैशांत तुडुंब होऊन जायची.

आता शहराने ठरवलं होतं की अशा स्वस्त खाण्याच्या गल्ल्यांची परीक्षा होईल आणि पहिली येईल ती एकच जागेवर राहील. बाकीच्या सगळ्या शहराबाहेरच्या एका उंच इमारतीत, एकीवर एक.

"सूप प्यायला सहाव्या मजल्यावर कोण चढणार?" सूपवाला दादा विचारायचा. विचारताना हसायचा, पण त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

आत्या हसत नव्हती. "मला इथून हलवलं तर मी डाळ शिजवणारच नाही," ती म्हणायची. तिचं सगळं आयुष्य चुलीपुढच्या दोन बाकांवर बसून उठलं होतं.

परीक्षक साहेब आले ते ऐन जेवणाच्या वेळेला. सडपातळ आणि इतके सभ्य की आत शिरताना दाराचीसुद्धा परवानगी घेतील. आत्याने बाक पुसला. पुतणीने डोळे वटारले. आत्याने तिच्याकडे पाठ केली.

"आमचं काय, साधी डाळ," ती म्हणाली. "पण शेजारी सूप उकळतंय बघा. पहिल्या घोटाला कान गरम होतात. दुसऱ्या घोटाला सासरची माणसंही बरी वाटायला लागतात."

पुतणीने कपाळावर हात मारला.

साहेब सूपवाल्याकडे पोहोचले. दादाने त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. तिथून निघाले तेव्हा साहेबांचे डोळे चमकत होते. दादा त्यांचा हात धरून त्यांना भट्टीपर्यंत सोडायला गेला. "पाव आमच्या आजोबांचा," तो वाटेत सांगत होता. "वरचं कवच मोडलं की असा आवाज येतो की भांडणारे नवरा-बायको गप्प होतात. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने काहीतरी फोडलं."

भट्टीपाशी साहेब बराच वेळ रेंगाळले. डोळे मिटून वास घेत होते. पाववाले आजोबा कमी बोलणारे, पण मासळीवाल्या वहिनीचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण.

"मासळीचा काटा कसा सुटतो माहितेय? बिल यायच्या आधी जावई सुटतो ना, तसा."

वहिनी लाजली. लाजत लाजत तिने साहेबांना आत्याच्या डाळीबद्दल जे सांगायला सुरुवात केली, ते ऊन उतरलं तरी संपेना. "ती डाळ खाल्ली की माणूस आईला फोन करतो, साहेब. आई नसेल तर दुसऱ्याच्या आईला करतो."

आत्या दारातून सगळं बघत होती. एकेकाचे शब्द कानावर पडत होते आणि तिची मान ताठ होत चालली होती. "बघ," ती पुतणीला म्हणाली, "आहे का अशी माणसं दुसऱ्या कुठल्या गल्लीत?"

"माणसं बघायला नाही आले ते," पुतणी म्हणाली.

संध्याकाळी साहेब पुन्हा आत्याच्या बाकावर येऊन टेकले. चेहरा उतरलेला, डोळ्यांत पाणी.

"पोट भरलं ना?" आत्याने विचारलं.

"मन भरलं," साहेब म्हणाले.

तिने पाणी दिलं. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितलं.

"आत्याबाई, ते डाळीचं…"

"नका हो लाजवू," आत्या म्हणाली आणि त्यांना अदबीने चौकापर्यंत सोडून आली.

निकालाच्या दिवशी अख्खी गल्ली इस्त्रीचे कपडे घालून सभागृहात बसली होती. निकाल वाचला गेला. तो तुम्हाला अर्थातच माहीत नाही. आजोबा उभे राहून टाळ्या वाजवू लागले, वहिनीने पदरात तोंड लपवलं, सूपवाल्याने पुतणीला घट्ट मिठी मारली आणि मग भानावर येऊन तिची माफी मागितली. आत्या नुसती बसून राहिली. इथे तिच्यापुढे पुसायला बाक नव्हता.

साहेब माइकपाशी आले. सूप, पाव, मासळी, डाळ, एकेकाबद्दल असं बोलले की सभागृहाच्या तोंडाला पाणी सुटलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि आवाज सरकारी केला.

"इतर सर्व गल्ल्यांत मला आग्रहाने खाऊ घालण्यात आले व आपलेच अन्न शहरात सर्वोत्तम असल्याचे प्रत्येकाकडून शपथेवर सांगण्यात आले. विजेत्या गल्लीत मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत हजर होतो. तेथे मला पाण्याखेरीज काहीही वाढण्यात आलेले नाही. सबब, सदर गल्लीतील कोणाही एका व्यक्तीने प्रस्तुत परीक्षकास शेजाऱ्याकडे न पाठवता स्वतःच्या हातचा एक घास द्यावा, ही नम्र विनंती."