देवराईतला पतंग

डबीत तांदळाच्या दाण्याएवढा सोनेरी पतंग फडफडत होता. त्याचं घराणं फुलझाडांहूनही जुनं, आणि मला तो फक्त याच देवराईच्या सावलीत सापडला होता.

“धाकूतात्या, हा एवढा एक नेऊ द्या. पुरावा मिळाला तर इथे होऊ घातलेली खाण थांबेल.”

देवीचे गुरव असलेले तात्या वाटेत आडवे आले. “बाय, इथलं सुकं पानसुद्धा बाहेर जात नाही. आईचा कोप होतो.”

त्यांनी हात जोडले. मी डबी उघडून पतंग सोडून दिला.

खाणीला परवानगी देणाऱ्या समितीनं माझे फोटो बाजूला सारले. “नमुना कुठाय?”

दिवाळीनंतर देवराईकडे गेले, तेव्हा ओंडके भरलेले ट्रक एकामागून एक बाहेर पडत होते. तात्या देवीपुढे शेवटचा नारळ ठेवून आले. देवराईच्या हद्दीच्या दगडापाशी थांबून त्यांनी धोतराला चिकटलेलं सुकं पान काढलं आणि परत आत टाकलं.