परत आलेला बोर्ड

"हा कोणाच्या हातचा?"

कारखान्याच्या माणसाने काडेपेटीएवढा बोर्ड टेबलावर ठेवला. खिशात ठेवायच्या श्रवणयंत्रातला होता. सुनेच्या हातातली सोल्डरिंग गन जागच्या जागी थांबली. पलीकडे भिंगाखाली तिचेच बोर्ड तपासत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली नाही, पण कान तिकडेच लागले होते.

या घरातून गेलेला बोर्ड आजवर कधी परत आला नव्हता. म्हणून तर त्यांच्या खोक्यांवर हिरवी पट्टी लागायची. हिरवी पट्टी म्हणजे कारखान्यात पुन्हा तपासणी नाही, माल सरळ यंत्रात. घरी काम करणाऱ्या इतक्या बायकांमध्ये हा मान एकट्या सासूबाईंचा होता आणि त्या तो चांगला मिरवायच्याही. एक बोर्ड परत आला की पट्टी गेली, असा नियम होता.

"माझाच असणार," सून घाईने म्हणाली. "आईंना न दाखवताच खोक्यात टाकला असेन."

तसं होणं शक्यच नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हा तिचे पहिले साठच्या साठ बोर्ड सासूबाईंनी एका बैठकीत नापास केले होते. त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली होती. आज मात्र त्यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून खुशाल खोटं बोलत होती.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"किती पिवळा पडलाय बघ. हा केला तेव्हा तू दप्तर घेऊन शाळेत जात असशील. आणि कापलेल्या तारांची ही टोकं, सगळी डावीकडे झुकलीत. या घरात डावखुरं कोण आहे गं?"

सून खाली बघू लागली.

"हा माझा आहे," सासूबाई त्या माणसाला म्हणाल्या. "कोपऱ्यातला हा जोड मळकट दिसतोय, चकाकी नाही. सोल्डर नीट पसरायच्या आत मी हात उचललाय. नापास. काढून टाका ती पट्टी."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी गेल्याचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. साठ बोर्ड नापास करणारी ही बाई स्वतःलाही सोडत नव्हती.

कारखान्याचा माणूस खुर्ची ओढून बसला.

"मावशी, हा बिघडून आलेला नाही. एक आजोबा सतरा वर्षं हे यंत्र खिशात घेऊन फिरताहेत. परवा वरची डबी फुटली म्हणून आले. नवीन यंत्र देतो म्हटलं तर ऐकेनात, बोर्ड हाच पाहिजे म्हणे. मालक म्हणाले, हा हात शोधून आण, नव्या मुलींना शिकवायला तोच हवा. पण कारण सांगू नकोस, नाहीतर घरोघर 'माझाच, माझाच' ऐकशील. सहा घरं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, आमचा नाही. आणि इथे दोघी 'माझा' म्हणून भांडताय!"

सून खुदकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्यापुढे डावा हात केला.

"गन दे इकडे. सतरा वर्षं चालला म्हणून काय झालं? माझ्या हातचा असला जोड त्या आजोबांच्या खिशात परत जाणार नाही."