खापरावरचं नाव

"या खेपेला लिहायचं काम माझ्याकडे द्या, मामा," राजसबाई म्हणाली, आणि वेस्ट मांबलमच्या त्या हॉलमध्ये सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

दत्ताजीमामा मराठा संघाचे अध्यक्ष. उभा जन्म कॉलेजात ग्रीसचा इतिहास शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर अख्खं अथेन्स संघात आणून बसवलं. तिथल्यासारखंच, जो माणूस सगळ्यांना जड झाला, त्याचं नाव फुटक्या मडक्याच्या खापरावर लिहायचं. ज्याची खापरं जास्त, तो दहा वर्षं संघाबाहेर. त्याच्या घरच्या लग्नाला कुणी जायचं नाही, मयतालाही नाही. देशातली आणीबाणी उठली होती, पण संघातली कोण उठवणार?

आणि लिहायचं ते मोडीतच! तंजावरच्या पूर्वजांची लिपी, तिचा मान राखायला नको? घरात मराठी बोलणारे हे सगळे लोक वाचायचे मात्र तमिळ. मोडी येत होती जुन्यांतल्या दोघांनाच, दत्ताजींना आणि राजसबाईच्या वडलांना, मानाजींना. तेव्हा लोकांनी दत्ताजींच्या कानात नाव सांगायचं, दत्ताजींनी लिहायचं आणि दत्ताजींनीच वाचायचं.

मागल्या खेपेला मानाजी बाहेर गेले. भर सभेत त्यांनी दत्ताजींना प्रश्नावर प्रश्न विचारले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. त्या धसक्यानंच ते गेले. खांदा द्यायला संघातलं कुणी फिरकलं नाही. पुढे मात्र एकेक जण चोरून येऊन राजसबाईला सांगून गेला, "अय्यो, मी तुझ्या अप्पांचं नाव नव्हतं दिलं गं!"

सगळेच तसं म्हणाले. मग ती खापरं लिहिली कुणी? मोडी तिलाही येत होती. अप्पांनीच शिकवली होती.

"घे की," दत्ताजी म्हणाले. "तू लिही, मी वाचतो. पण एक ध्यानात ठेव, पोरी. अथेन्समध्ये जाणत्याला गप्प बसायची मुभा नव्हती. ज्याला कळतं त्यानं चारचौघांत बोलायचं. नागरिकाचं पहिलं कर्तव्य ते!"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. हा माणूस तिला कर्तव्य शिकवत होता!

ती कोळसा घेऊन बसली. तुकोजीकाका तिच्या कानाशी वाकले, "भीमसेनाचं लिही. भारी भांडखोर मेला." सईबाईनंही भीमसेनाचंच नाव दिलं. बाकीच्यांनी कुणी याचं, कुणी त्याचं. दत्ताजींचं नाव एकानंही घेतलं नाही. घेणार कोण? सगळ्यांची बोबडी वळलेली.

"शरी, काका," म्हणत राजसबाई मान डोलवायची आणि लिहायची, दत्ताजी. पुन्हा दत्ताजी. कुणाला संशय नको म्हणून मधूनच एखादा भीमसेन.

तिनं सगळा विचार केला होता. म्हाताऱ्याला खोटं वाचायची सोय नव्हती, मोडी वाचणारी ती शेजारीच बसली होती. त्याचं नाव त्याच्याच तोंडून निघणार होतं. बघा अप्पा, ती मनात म्हणाली, आज फेडते सगळं.

दत्ताजींनी चष्मा चढवला आणि पहिलं खापर उचललं. त्यावरची अक्षरं त्यांनी बोटानं लावून वाचली. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि चक्क हसले.

"राजसबाई," त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं.

ती ताडकन उठली. "खोटं! साफ खोटं! त्याच्यावर तर..."

"काय आहे त्याच्यावर?" दत्ताजींनी खापर तिच्यापुढे धरलं. "सांग ना सगळ्यांना. अक्षर तुझंच आहे. ज्यानं जे नाव सांगितलं, तेच लिहिलंयस ना?"

तुकोजीकाका मान वर करून तिच्याकडे बघत होते. सईबाई बघत होती. आपण दत्ताजींचं नाव दिलं नाही, हे ज्याला त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बोल, पोरी," दत्ताजी मायेनं म्हणाले. "जाणत्यानं गप्प बसू नये."

राजसबाई खाली बसली. दत्ताजींनी दुसरं खापर उचललं.

"राजसबाई."