वरचा विमा

"दिवा फुटला, कंपनी देणार. काच तडकली, कंपनी देणार. आग लागली तरी कंपनीच देणार!" मोहियुद्दीनशेठ हिरव्या मोटारीभोवती फिरत सांगत होते. "कायद्याचा विमा सगळ्यांनाच घ्यावा लागतो, वहिनी. हा वरचा. माझ्याकडून गाडी घेणाऱ्यालाच मिळतो."

लढाई संपल्यावर शेठनी चौक गावात हमरस्त्यावर जुन्या लष्करी गाड्यांचं दुकान थाटलं होतं. कोंडाजीला ही मोटार हवी होती, खोपोलीहून घाट चढून खंडाळ्याला उतारू न्यायला. तो केव्हाचा नंदीबैलासारखा मान डोलवत होता. शेठनी चंद्र विकायला काढला असता तरी त्याने घेतला असता. पण बायको अंबाबाई हो म्हटल्याशिवाय त्या घरात साधी शेळीसुद्धा येत नव्हती, आणि अंबाबाईच्या डोळ्यांपुढे तो घाट होता. तिला मनातून भीती वाटत होती.

"गाडी मोडली तर कंपनी देईल," ती म्हणाली. "माजा नवरा मोडला तर?"

"काहीतरीच काय, वहिनी! गाडी म्हणजे गरीब गाय आहे."

"गाय गरीब हाय, तर मंग वरचा इमा कशाला?"

शेठ बाहीने मोटारीचा दिवा पुसू लागले. कोंडाजी उगाच खोकला.

अंबाबाईचा बाप खालापूरच्या बाजारात बैल विकायचा. बैल मारका नाही असं म्हणणाऱ्याने आधी आपलं माणूस त्याच्या शिंगांपुढे उभं करायचं, असा तिथला रिवाज. लहानपणी अंबाबाई अशा कितीतरी बैलांपुढे उभी राहिली होती.

"तुमचं माणूस बसवा गाडीत," ती म्हणाली. "घाटात फेरी मारून येऊ. मंग बोलू."

शेठ तोंड उघडणार, तोच आतला पडदा हलला आणि त्यांची बायको नूरबानो ओढणी सावरत बाहेर आली. दारातून इतक्या गाड्या गेल्या, पण शेठनी तिला एकीतही बसवलं नव्हतं. आज कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं.

"मी बसते," म्हणेपर्यंत ती बसलीसुद्धा. "या, अंबाबाई, खिडकीकडं तुमी बसा!"

अंबाबाई चढली. दोघी लहान पोरींसारख्या हसायला लागल्या. कोंडाजीने उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या आणि भोंगा दाबला.

"थांब, थांब!" शेठ ओरडले. त्यांनी अंगातला कोट काढून खुंटीकडे भिरकावला, पाना उचलला आणि ते तसेच धुळीत आडवे होऊन गाडीखाली शिरले. "जरा ब्रेक बघू दे. तो उजवीकडचा ढिला वाटतो."

अंबाबाईने खिडकीतून वाकून पाहिलं. शेठचे नुसते पाय दिसत होते. खालून पाना जोरजोरात फिरल्याचा आवाज येत होता. ती समाधानाने मागे रेलून बसली.

"अवं," ती कोंडाजीला म्हणाली, "घ्या गाडी. वरचा इमा नको. दर बाजाराला नूरबानोला फिरवून आणू, म्हंजे झालं."